पळस फुलला की घराबाहेर पडा: खानदेशात कुटुंबासह वसंत बघायला कसं, कधी आणि कुठे जायचं

आमच्या घरी वसंताची खबर कॅलेंडर देत नाही, जिजी देते. जिजी म्हणजे माझी आजी. फेब्रुवारीत शेताकडून परतताना तिच्या ओच्यात दोन-चार केशरी फुलं असतात आणि दारातूनच ती सांगते, "पयस फुलना." अहिराणीत पळसाचा पयस होतो. तिचा हा निरोप आला की पुढच्या रविवारी आम्ही सगळे निघतो.

हे जमायला आम्हाला बरीच वर्षं लागली. पहिल्यांदा गेलो तेव्हा घरातून निघायलाच साडेनऊ झाले. सातपुड्यातल्या पाल गावी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, धाकट्याला गाडीत उलट्या झाल्या होत्या, जिजीला सावली मिळेना आणि पळसाखाली फुलांचा नुसता वाळलेला सडा उरला होता. मार्चचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवसापासून मी एका वहीत कुठलं झाड कधी फुललं, कुठे थांबता येतं, मुलं कुठे रमतात, म्हाताऱ्या माणसांना कुठे त्रास होतो ते लिहून ठेवतो. त्या वहीतलंच इथे सविस्तर सांगतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, यांपैकी कुठेही राहत असाल तरी कामाला येईल.

आधी वेळ ठरवा, जागा नंतर

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. आपल्याकडच्या झाडांचा वसंत माघातच सुरू होतो आणि तो एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतो. बहुतेकांची सहल इथेच चुकते. "मार्चमध्ये कधीतरी जाऊ" असं म्हणून चालत नाही.

पहिला टप्पा जानेवारीच्या अखेरीपासून. आंब्याला मोहर येतो आणि काटेसावर पानं गाळून लाल होते. दुसरा टप्पा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. हा खरा भरगच्च महिना, कारण पळस, पांगारा, काटेसावरीची उरलेली फुलं, डोंगरउतारावरची धायटी आणि पिवळीधमक गणेर तेव्हा एकदम भेटतात. तिसरा टप्पा मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. मोह टपटपायला लागतो, करंज आणि कडुनिंब फुलतात, पिंपळाला तांबूस पालवी फुटते, कुसुमाचं झाड फुलांऐवजी कोवळ्या पानांनीच लालेलाल होतं. चौथा टप्पा एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंत. तेव्हा बहावा, गुलमोहर, नीलमोहर आणि ताम्हण फुलतात. ताम्हण हे आपलं राज्यफूल, पण किती मुलांनी ते झाडावर पाहिलंय?

फक्त एकदाच जाणं शक्य असेल तर फेब्रुवारीचा शेवटचा किंवा मार्चचा पहिला रविवार धरा. पाऊस लवकर संपलेल्या वर्षी आठवडाभर अलीकडे या. खात्री करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्या भागात राहणाऱ्या एखाद्या नातेवाईकाला फोन करून विचारणं, "बांधावरचा पळस फुलला का?" झाडावर निम्म्या कळ्या आणि निम्मी फुलं असतील तर लगेच निघा. सगळी फुलून खाली सडा पडायला लागला असेल तर हातात फार तर आठवडा आहे.

होळीच्या भरवशावर राहू नका. तिथी चंद्रावर चालते, झाड उन्हावर. अधिक महिन्यामुळे होळी कधी फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला येते, तर कधी मार्चच्या अखेरीला जाते. पळस मात्र तिच्यासाठी थांबत नाही. होळी उशिरा असलेल्या वर्षी "होळीच्या सुट्टीत जाऊ" म्हणणाऱ्यांना काळ्या फांद्या आणि चपट्या शेंगाच दिसतात.

पळस आपल्याकडेच एवढा का

ही गोष्ट मुलांना गाडीतच सांगायची, म्हणजे ती खिडकीबाहेर बघायला लागतात. पळस काळ्या, निचरा न होणाऱ्या, थोड्या खारवट जमिनीतही तग धरतो. त्याच्या जाड, चिवट पानांना शेळ्या-मेंढ्या फारसं तोंड लावत नाहीत. तोडला तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतो. म्हणून जिथे बाकीची झाडं गेली तिथे बांधावर, नाल्याकाठी, गायरानात पळस उरला. त्याची पानं पत्रावळीला लागत, मुळांच्या सालीचे दोर वळत, त्यामुळे शेतकऱ्यानेही त्याला राहू दिलं. फूल बघायला बागेत जायची गरज आपल्याला पडत नाही ती यामुळेच. आपली बाग रस्त्याच्या कडेलाच आहे.

जागा निवडताना: गाडीत कोण कोण आहे ते बघा

सोबत गुडघे दुखणारी आजी किंवा तान्हं मूल असेल तर पहिल्या वर्षी गाव सोडू नका. जळगावात मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी सहाला एक फेरी मारा. पाणपक्षी आणि काठची झाडं एकाच फेरीत होतात. भाऊंचं उद्यान किंवा बहिणाबाई उद्यान बसायला सोयीचं. विद्यापीठाच्या बाजूचा टेकड्यांचा परिसर आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतींतले जुन्या झाडांचे रस्ते मे महिन्यासाठी राखून ठेवा, त्याबद्दल पुढे सांगतो. धुळेकरांना नकाणे तलाव आहे, आणि मुंबई-आग्रा महामार्गावर गावापासून दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं कुरण. लळिंगला किल्ला चढायचा आग्रह धरू नका. पायथ्याशी फिरलात तरी सकाळ भरून जाते.

घरातले सगळे चालते-फिरते असतील तर सातपुडा. इथे एक युक्ती सांगतो, ती नकाशासमोर बसून समजून घ्या. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असा जातो. तो जवळजवळ सगळीकडे सातपुड्याला समांतर आहे. रस्त्याच्या दक्षिणेला तापीकाठच्या केळीच्या बागा, उत्तरेला डोंगर. या रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या गावातून उत्तरेकडे वळलात की पाच-दहा किलोमीटरमध्ये केळी संपते, जमीन मुरमाड होते आणि पळस सुरू होतो. प्रसिद्ध ठिकाणापर्यंत जायलाच हवं असं नाही. आमच्या सगळ्यात सुंदर सकाळी अशाच एका बिनानावाच्या नाल्याकाठी गेल्या आहेत.

ठरलेली ठिकाणं हवी असतील तर रावेर तालुक्यातलं पाल मुलांसाठी उत्तम. सुकी नदीवरचं गारबर्डी धरण, थोडी थंड हवा आणि डोंगरावरचं रान हे सगळं जवळजवळ आहे. हा भाग यावल अभयारण्याच्या परिसरात येतो. १९६९ साली घोषित झालेलं हे अभयारण्य साधारण १७७ चौरस किलोमीटरचं आहे. सालई, अंजन, धावडा अशी कोरड्या रानातली झाडं इथे बघायला मिळतात. अंजनाची जोडपानं मुलांना दाखवा. दोन पानं देठाशी जुळून एखाद्या फुलपाखरासारखी दिसतात, आणि नवी पालवी तांबडी असते. यावल तालुक्यात मनुदेवीचं ठाणं आहे. तिथला धबधबा पावसाळ्यातला. वसंतात पाणी नसतं, पण दरीत सावली असते आणि देवदर्शनही होतं, त्यामुळे वडीलधारी मंडळी खुशीने येतात.

चाळीसगाव, पाचोरा, भडगावच्या लोकांसाठी पाटणादेवी. चाळीसगावहून अठराएक किलोमीटर. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, २६० चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या या टोकाला चंडिकेचं जुनं देऊळ. गणित शिकणारं मूल सोबत असेल तर त्याला इथला शिलालेख जरूर दाखवा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ उभारला, त्याची नोंद त्यात आहे. जळगाव-भुसावळच्या लोकांना रेल्वेने चाळीसगाव गाठून पुढे रिक्षा करता येते, पण सकाळच्या वेळेचा हिशेब आधी जुळवा. पितळखोऱ्याची लेणीही याच डोंगरात आहेत, तरी फुलं बघायच्या दिवशी लेणी करू नका. एका दिवसात दोन्ही कोंबलं की मुलं दमतात आणि काहीच नीट बघून होत नाही.

एरंडोलजवळचं पद्मालय लोक कमळांच्या आशेने वसंतात गाठतात. कमळं खरी बघायची तर पावसाळा संपताना या. आता जायचं तर गणपतीचं दर्शन आणि भोवतालच्या टेकड्यांचं रान यासाठी जा. अडावदजवळचं उनपदेवचं गरम पाण्याचं कुंड थंडीतच बरं.

तोरणमाळ हा दोन दिवसांचा बेत आहे. शहाद्याहून घाटाने वर जायचं, मुक्काम करायचा, सकाळी यशवंत तलाव आणि सीताखाई बघायची. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे खाली तापीकाठी पळस झडला तरी वर काही उरलेला सापडतो. मार्चच्या मध्यानंतर निघणाऱ्यांनी म्हणूनच तोरणमाळ धरावं. घाटाची वळणं लागणारं मूल असेल तर निघताना पोट भरून खाऊ घालू नका.

आदल्या दिवशीची तयारी

अभयारण्यात जायचं असेल तर प्रवेशाची वेळ, नोंदणी आणि गाडीचं शुल्क त्या त्या वनविभागाच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्या. वणव्याच्या दिवसांत काही वाटा बंद असतात. घरातल्या एकाचं तरी ओळखपत्र जवळ ठेवा. डिझेल-पेट्रोल आदल्या संध्याकाळीच भरा, कारण डोंगराकडे वळल्यावर पंप नाहीत. मोबाइलला रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी राहणाऱ्या कुणाला तरी "अमुक ठिकाणी जातोय, बारापर्यंत परत येतो" असं सांगून निघा.

पाणी माणशी दोन लिटर. हा आकडा कमी करू नका. आपल्याकडे मार्चमध्येच पारा चाळिशीकडे जातो, आणि रानात विकत काही मिळत नाही. मोठ्या थंड पाण्याच्या जारबरोबर प्रत्येकाच्या हातात स्वतःची बाटली द्या, म्हणजे मुलं मागण्याची वाट न बघता पितात. मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पाकिटं, डोक्याला बांधायला पांढरा सुती रुमाल, पायात बंद बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे. कपडे मळखाऊ रंगाचे घाला आणि अंगाला अत्तर, सेंट, वासाचं तेल लावू नका. त्याचं कारण पुढे येतं.

खाण्याचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण यावर सहल टिकते. भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी हे सगळं आपल्याला प्रिय आहे, पण रानात चूल पेटवायची नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून रान वाळलेलं असतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो, आणि अभयारण्यात आग लावणं गुन्हाच आहे. म्हणून जुन्या लोकांचा प्रवासाचा डबा काढा, दशम्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दिवसभर मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा. कळण्याची भाकरी आणि ठेचाही चालतो, पण लहान मुलांना उन्हात तिखट देऊ नका. दही, पनीर, मलईची मिठाई टाळा. ताक न्यायचं तर थर्मासमध्ये आणि नऊच्या आत संपवायचं. केळी मात्र घ्या, केळीच्या मुलखातून निघालोय आपण. सालं परत पिशवीत.

निघायचं ते अंधारात

मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. तासाभराची वाट असेल तर साडेपाचला गाडी निघाली पाहिजे. मुलांना रात्रीच प्रवासाच्या कपड्यांत झोपवा आणि तसंच उचलून गाडीत ठेवा. चहा थर्मासमध्ये. वाटेत हॉटेलला थांबलात की पाऊण तास गेला, आणि रानात तोच पाऊण तास सोन्यासारखा असतो.

सात ते साडेनऊ ही झाडाखालची वेळ. दहाला खाणं, साडेदहाला परतीचा रस्ता, बाराच्या आत घर. हे वेळापत्रक कडक वाटेल, पण त्यामागे दोन कारणं आहेत. एक ऊन. दुसरं म्हणजे पक्षी सकाळीच मधासाठी येतात. दहानंतर झाड तेच असतं, फांद्या मात्र रिकाम्या.

एकच झाड धरा

सगळ्या लेखात मला मनापासून सांगायचंय ते हेच. दहा जागा करू नका. गाडी हळू चालवा, एक भरगच्च फुललेला पळस निवडा, जवळ सावली देणारं दुसरं झाड आहे का ते बघा (पळस स्वतः निष्पर्ण असतो, त्याची सावली नसते), शेत कुणाचं असेल तर हाक मारून विचारा आणि तिथे दोन तास बसा. शेतकरी नाही म्हणत नाहीत. "दादा, पोरांना पळस दाखवायचाय" एवढं म्हटलं की उलट विहिरीचं पाणी विचारतात. उभ्या पिकातून मात्र चालायचं नाही.

पहिली दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. सतरंजी टाकून वर बघायचं. माणसं शांत झाली की झाडावर ये-जा सुरू होते. चिमुकला चमकदार शिंजीर उलटा लटकून मध पितो. साळुंक्या भांडतात. कोतवाल पक्षी येतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पक्ष्यांचा थवा कलकलत उतरला तर ती भोरडी, तिलाच पळसमैना म्हणतात. मध्य आशियाकडून थंडीत आलेली ही पाहुणी पळसाचा मध खाऊन उन्हाळ्याआधी परत निघते. खारीही फुलं तोडून तोडून खाली टाकतात. मुलांना हे सगळं मोजू द्या. कोणता पक्षी किती वेळा आला याच्या रेघा वहीत मारायला लावल्या की सहा वर्षांचं पोरही तासभर हलत नाही.

मग खाली पडलेलं एक ताजं फूल उचला आणि उघडून दाखवा. पाच पाकळ्या असतात. एक मोठी, मागे वळलेली. दोन बाजूच्या, पंखांसारख्या. उरलेल्या दोन चिकटून पोपटाच्या चोचीसारखा बाक झालेला. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" ती चोच नखाने हळूच उकलली की आत दहा पुंकेसर निघतात, नऊ एकत्र जुळलेले आणि दहावा वेगळा. पाकळीवरून बोट फिरवा, मखमल लागते. बुडाशी मधाचा थेंब असतो. देठाची काळपट मखमल आणि केशरी पाकळी शेजारी बघितली की निखारा आठवतो.

"पळसाला पानं तीनच" ही म्हण मुलांना तोंडपाठ असते, पण पान समोर नसतं, कारण झाड आता निष्पर्ण आहे. मागच्या वर्षीचं एखादं वाळकं पान शोधायला लावा. तीन पानं खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत, मधली मोठी. फुलं आधी आणि पानं नंतर का, असं पोरं विचारतातच. कोरड्या दिवसांत पानं गाळली की झाडाचं पाणी वाचतं, आणि पानांचा आडोसा नसल्याने फुलं लांबून पक्ष्यांना दिसतात.

फोटो काढायचे तर सूर्याकडे तोंड करून, फुलं मध्ये घेऊन काढा. आडून ऊन आलं की पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतात. पाठीवर ऊन घेऊन काढलेल्या फोटोत तोच पळस सपाट लाल येतो. काढून झालं की मोबाइल पिशवीत.

तीन लाल झाडांची ओळख

पळस, पांगारा आणि काटेसावर यांत मोठी माणसंही गोंधळतात. पळसाचा रंग केशरी, खोड वेडंवाकडं, काटे नाहीत. पांगाऱ्याची फुलं प्रवाळासारखी लाल, फांदीच्या टोकाला लांबट गुच्छात येतात आणि फांदीला बारीक काटे असतात. काटेसावर उंच, सरळ, फांद्या आडव्या मजल्यामजल्यांनी निघालेल्या, खोडावर जाड शंकूसारखे काटे. तिचं फूल वाटीएवढं, पाच मांसल पाकळ्यांचं आणि वजनदार. खाली पडताना थप्प असा आवाज येतो. सावरीखाली बसलात तर हा आवाज मुलांना फार आवडतो. पुढे एप्रिल-मेमध्ये तिच्या बोंडांतून कापूस उडतो, तेव्हा त्याच झाडाकडे पुन्हा नेऊन दाखवा.

लालच बघत राहू नका. कोरड्या खडकाळ उतारावर, पानांशिवाय, मोठी पिवळी फुलं दिसली तर ती गणेर. उतारावरच्या झुडपांना बारीक लाल नळ्यांचे झुबके असतील तर धायटी. आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात. आणि रानाकडे जाताना शेतांकडेही बघा. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याचे डोंगळे याच दिवसांत फुलतात. पांढऱ्या चेंडूंनी भरलेलं अख्खं वावर आणि त्यावर घोंघावणाऱ्या मधमाश्या हे दृश्य माझ्या बायकोला पळसापेक्षा जास्त आवडतं. त्या वावरात मात्र शिरू नका. एकेक गोंडा म्हणजे शेतकऱ्याचं बियाणं आहे.

पिवळ्या फुलांचा पळस क्वचित दिसतो. दिसला तर बघा आणि त्याचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. त्याच्या नावाने अंधश्रद्धा आहेत आणि लोक साल, मुळं ओरबाडून नेतात.

मोहाखाली जपून

मार्चच्या उत्तरार्धात सातपुड्यात गेलात तर पहाटे मोहाखाली टोपल्या घेतलेली माणसं दिसतील. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांचा तो वर्षाचा आधार आहे, आणि कुठलं झाड कुणी वेचायचं हे गावात ठरलेलं असतं. म्हणून त्या झाडाखाली सतरंजी टाकायची नाही, फुलं तुडवायची नाहीत, न विचारता फोटो काढायचा नाही. शेजारी उभं राहून "किती वाजता आलात, ताई?" असं विचारलंत तर दोन फुलं हातावर ठेवतील. गोड असतात, पण एखादंच खायचं.

होळीआधीच्या आठवड्यात त्या भागात गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल, पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य), नवे कपडे, आणि रस्ते माणसांनी भरलेले. तो बाजार बघणं हा स्वतंत्र दिवसाचा बेत करा. त्या दिवशी गाडीने डोंगर गाठायची घाई केलीत तर तासन्तास अडकाल. आणि लोकांच्या सणात आपण पाहुणे आहोत हे पोरांना आधी सांगा.

मधमाश्या, खाजकुइली आणि ऊन

या तीन गोष्टींत हयगय नको. फुलांच्या हंगामात आग्या मोहोळ कड्यांवर आणि उंच झाडांवर लटकलेलं असतं. झाडाखाली बसण्याआधी एका मोठ्या माणसाने वर नीट बघावं. मोहोळ दिसलं तर तिथून निघायचं. दगड नाही, धूर नाही, मोठ्याने गाणी नाहीत, अत्तर नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता चेहरा-डोकं कापडाने झाकून गाडीकडे पळा आणि काचा लावा. पाण्यात उडी मारू नका. बऱ्याच डंखांनंतर चक्कर, उलटी, श्वास लागणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

खाजकुइलीच्या शेंगा या दिवसांत वाळून वेलीवर लोंबतात. सोनेरी, मखमली दिसतात म्हणून मुलं हात लावतात आणि मग अंगभर आग होते. माझ्या पुतणीचं असं झालं होतं. चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढली की बारीक केस निघतात, त्यानंतर पाण्याने धुवा, आणि ते कपडे वेगळ्या पिशवीत भरा. डोळ्यांत गेलं असेल तर पाण्याचा हबका मारत राहून डॉक्टर गाठा.

ऊन लागल्याची पहिली खूण मुलांत चिडचिड आणि म्हाताऱ्यांत गप्प होणं ही असते. जिजी बोलायची थांबली की आम्ही सामान आवरतो.

फुलं घरी आणायची तर

अभयारण्यातून फूल, शेंग, दगड काहीच आणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून काही नेता येत नाही. शेताच्या बांधावरचा पळस असेल तर मालकाला विचारून, फक्त खाली पडलेली फुलं वेचा. फांद्या वाकवू नका. सुती पिशवीत आणा, प्लास्टिकमध्ये ती काळी पडतात.

घरी आल्यावर देठाच्या काळ्या वाट्या काढून पाकळ्या सावलीत तीन-चार दिवस वाळवा. होळी उशिरा असेल तर याच वाळवलेल्या पाकळ्या बरणीत ठेवायच्या. रंग करायचा आदल्या रात्री शंभर ग्रॅमभर वाळक्या पाकळ्या दोन-तीन लिटर पाण्यात भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळा, गार करून फडक्याने गाळा. सुंदर केशरी-पिवळं पाणी मिळतं. चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होतो, पण तो कापड रंगवायलाच. मुलांच्या अंगावर उडवायच्या पाण्यात चुना नको. पांढरा सुती रुमाल आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून मग या रंगात अर्धा तास ठेवला की छान रंगतो. आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक मुलाचा एक रुमाल होतो आणि पुढच्या सहलीला तोच डोक्याला बांधतात.

मे महिन्याची दुसरी फेरी

परीक्षा संपल्या, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या, घर भरलं की दुसरी सहल करा. ही गावातली आणि संध्याकाळची. उन्हाळ्यात दुपार बाहेर पडण्यासारखी नसते, पण सहानंतर जळगाव-भुसावळच्या जुन्या रस्त्यांवर गुलमोहर पेटलेला असतो आणि बहाव्याचे पिवळे घोस लोंबत असतात. मुलांना सांगा, गुलमोहर मादागास्करहून आलेला, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतून, बहावा मात्र आपला. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी एक वेगळी, पांढरट ठिपक्यांची असते. ती शोधायला लावा, आणि त्याच्या कळ्यांच्या "कोंबड्या" करून लढाई लावायला जिजीला सांगा. माझ्या मावशीने पन्हं करून आणलं होतं तेव्हा मेहरूणच्या काठी आम्ही नऊपर्यंत बसलो होतो.

शक्य असेल तर त्याच सुमाराला एका पहाटे मार्चमधल्या त्या पळसाकडेही जाऊन या. आता त्याला पोपटी कोवळी पालवी असेल आणि फांद्यांवर चपट्या शेंगा, प्रत्येकीच्या टोकाशी एकच बी. पिकून सुटलेल्या चार शेंगा मालकाला विचारून आणा, बी काढा आणि पहिला पाऊस पडला की घराजवळच्या मोकळ्या जागेत लावा. आमच्या बांधावरचा धाकटा पळस असाच लावलेला आहे. तो अजून फुललेला नाही. जिजी दर फेब्रुवारीत जाऊन बघून येते.